उलटे लावलेले पंखे

एटापल्ली
मे महिना

प्रिय अश्वजित,

जय भीम. तुझ्या आईला, सीताकाकूंनाही माझा नमस्कार सांग. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला नवल वाटलं असेल. मोबाईलवर लिहायला घेतलं होतं, पण तिथं दोन ओळी झाल्या की बोट आपोआप पाठवायच्या खुणेकडे जातं, आणि मला अर्धवट काही तुझ्यापर्यंत पोचायला नको होतं. म्हणून कागद घेतला. तू जानेवारीत इथून जाताना बसस्टँडवर जे विचारलंस, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस, घाई केली नाहीस, यासाठी मी तुझी ऋणी आहे. पण आधी मला सुरजच्या पिक्चरचं सांगू दे. तो पूर्ण झाला, अश्वजित. तुम्ही दोघांनी चंद्रपुरात तुकूमच्या खोलीत जोडलेल्या त्याच कॉम्प्युटरवर झाला. कसा झाला ते सांगितल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही.

त्या खोलीतला उन्हाळा तुला आठवत असेलच. तुम्ही दोघं पॉलिटेक्निकला, मी होस्टेलवर, आणि दर रविवारी मी तुमच्यासाठी भाकरी आणि जवसाची चटणी घेऊन यायची. चटणीचं निमित्त होतं हे सुरजला माझ्याआधी कळलं होतं. त्या एप्रिलमध्ये तुमचं कॅबिनेटवरून भांडण सुरू होतं. सुरजला समोरून काच असलेलं, आत निळे-जांभळे दिवे फिरणारं पाहिजे होतं. तू म्हणत होतास समोरून जाळीच पाहिजे. माझा भाऊ तुला म्हणाला होता, "भाऊ, जिंदगीत एक तरी चीज मले देखनी पाहिजे." आणि तू त्याला समजावलंस, की काचेतून हवा येत नाही, आणि चंद्रपुरात समोरून हवा आली नाही तर हा डबा चुलीसारखा तापेल. शेवटी जाळीचं कॅबिनेट आलं. त्याचा रुसवा काढायला तू मागच्या पंख्याला एक लाल दिवा लावून दिलास. तो दिवा भिंतीकडे तोंड करून होता, कोणालाच दिसायचा नाही, तरी सुरज खूश होता.

मग तू जमिनीवर बसून आम्हाला पंखे कसे बसवायचे ते दाखवलंस. पंख्याची मोकळी बाजू हवा घेते आणि आडव्या काड्यांची बाजू हवा सोडते, हे मी तेव्हाच शिकले. समोर खाली दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि वर फक्त मागच्या कोपऱ्यात एक. वर पुढे लावला तर आत आलेली हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो ओढून बाहेर फेकतो, असं तू म्हणालास. सुरजला ते पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, गरम हवा बाहेर गेली की झालं, सगळेच पंखे बाहेर फेकणारे लावू. तेव्हा तू सीताकाकूंनी दिलेल्या पुड्यातली उदबत्ती पेटवलीस आणि कॅबिनेटच्या फटींपाशी धरलीस. तू लावलेल्या पंख्यांनी धूर फटींतून बाहेर ढकलला जात होता. मग तू समोरचे पंखे उलटे केलेस, तर धूर प्रत्येक फटीतून आत ओढला जायला लागला. तू म्हणालास, "पाह्य, आता धुराच्या जागी धूळ समज." सुरज धुराकडे पाहत राहिला. मी मात्र त्या धुराकडे पाहतच नव्हते, तुझ्या हाताकडे पाहत होते. हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही, कारण तुला माहीतच होतं.

त्या खोलीत कूलर होता, पण सुरजला त्याच्यासमोर बसता यायचं नाही. थंड वारा लागला की त्याचे सांधे धरायचे, आणि ऊन सोसलं तर पाणी कमी होऊन पोटात, पाठीत कळा सुरू व्हायच्या. सिकलसेलच्या माणसाला उन्हाळाही वैरी आणि थंडीही. तू कूलर दाराकडे वळवून ठेवायचास, स्वतः घामाने भिजायचास, आणि तसं का करतोस हे एकदाही बोलून दाखवलं नाहीस. माझ्या बाबांनी, वारलू कुमरेंनी, जातीबाहेरच्या मुलाला हो म्हणायला वेळ घेतला, पण जेव्हा म्हटलं तेव्हा हेच कारण दिलं. ते म्हणाले, "जो माह्या पोराले जपते, तो पोरीलेही जपनच."

आणि मग आपल्या दोघांच्या रक्ताची तपासणी झाली. समुपदेशनाच्या बाईंनी कागदावर चार घरं काढली, त्यातलं एक घर पेनाने काळं केलं आणि म्हणाल्या, दोघंही सिकलसेलचे वाहक आहात, प्रत्येक लेकराच्या वेळी चारातली एक शक्यता अशी. दार उघडं होतं. सुरज बाहेर बाकड्यावर बसला होता, आपल्याला पेढे मागायच्या तयारीत. परत येताना ऑटोत तो आपल्या दोघांच्या मध्ये बसला, आणि म्हणाला, "बाई, त्या चार घरातलं ते काळं घर म्हणजे मी ना?" मी त्याचा हात धरला. तू बाहेर पाहत होतास. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आन तुम्ही मलेच भेऊन राह्यले." तू ऑटो थांबवून तिघांना उसाचा रस घेतलास. वेगळं व्हायचं असं आपण कधी ठरवलं नाही, अश्वजित. फक्त लग्नाची तारीख काढायचं कोणी बोलेना, आणि मग तुला पुण्याची नोकरी लागली.

तू गेल्यावर सुरजने तो कॉम्प्युटर गावी आणला. रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडलं. सूरजागडच्या खाणीतल्या लोखंडी दगडाचे ट्रक दिवसभर घरावरून जातात, लाल धूळ दोरीवरच्या कपड्यांनाही सोडत नाही. तिथंच बसून तो पिक्चर करायचा. पोरांसाठी, गोंडीत, हलत्या चित्रांचा. मोहाची फुलं खाऊन झोपी गेलेल्या अस्वलाची गोष्ट. अस्वलाच्या अंगावरचा एकेक केस हलला पाहिजे असा त्याचा हट्ट होता. शाळेतल्या गिरजाबाई मॅडमनी त्याला म्हटलं होतं, झाला की शाळेत दाखवू. तो पूर्ण होत आला असताना जानेवारीतली ती थंडी पडली. छातीत दुखायला लागलं, आम्ही त्याला गडचिरोलीला नेलं, आणि पुढचं तुला ठाऊक आहे. मातीला तू आलास. माझ्या यायोने, माझ्या आईने, एवढ्या माणसांतून, तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

मार्चमध्ये गिरजाबाई घरी आल्या. पिक्चरचं काय झालं, असं त्यांनी भीत भीत विचारलं. मी पहिल्यांदा त्या खोलीचं दार उघडलं. काम सगळं झालेलं होतं, फक्त मशीनने एकेक चित्र तयार करून बाहेर काढायचं राहिलं होतं. ते काम मशीनचं, माणसाने नुसतं लावून द्यायचं. मी लावलं. चित्रं निघायला लागली आणि मी रडले. पण मोहाच्या झाडाचा प्रसंग आला, तो पडणाऱ्या फुलांचा आणि अस्वलाच्या केसांचा, की मशीन तापून आपोआप बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. रात्रीच्या गारव्यातही लावून पाहिलं, तेच. बाबा म्हणाले, याची झाकणी काढ. काढली, तर थोडं पुढे गेलं आणि पुन्हा बंद, वर आतल्या पाटीवर धुळीची लाल साय बसली. मला तुला फोन करावासा वाटला. तुझा नंबर काढून नुसती बसले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर न देता तुला पंख्यांचं विचारणं मला बरं वाटेना.

मग मी स्वतःच स्क्रू काढले. आत पाहिलं तर समोरचे दोन्ही पंखे उलटे. आडव्या काड्या बाहेरच्या बाजूला. तू दाखवलंस त्याच्या नेमकं विरुद्ध. सगळेच पंखे हवा बाहेर फेकत होते, आणि ती भरून काढायला प्रत्येक फटीतून रस्त्यावरची धूळ आत येत होती. ग्राफिक्स कार्डाच्या पट्ट्या लाल मातीने बुजून गेल्या होत्या. मला सुरजचा इतका राग आला, अश्वजित. मेलेल्या भावाचा राग. शेवटी आपलंच खरं केलंस ना, असं मी त्याला मोठ्याने म्हटलं. यायो स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

मला एक मात्र कळत नव्हतं. कॅबिनेट टेबलाखाली आडवं वळवून ठेवलेलं होतं, समोरची जाळी भिंतीकडे नाही, रस्त्याकडे नाही, थेट खुर्चीकडे. पंखे सुलटे करण्याआधी एकदा पाहावं म्हणून मी मशीन चालू केलं आणि त्याच्या खुर्चीत बसले. अस्वलाचा प्रसंग लावला. थोड्या वेळाने माझ्या दोन्ही गुडघ्यांवर गरम वारा यायला लागला. अगदी नेमका गुडघ्यांवर, शेकल्यासारखा. मी उठलेच नाही. मशीन बंद पडलं तरी तशीच बसून राहिले. थंडीच्या दिवसांत त्याचे गुडघे सुजायचे, यायो विटेचा तुकडा तापवून फडक्यात बांधून द्यायची, आणि डिसेंबरपासून तो तिला म्हणायला लागला होता की आता नको, आता बरं आहे. आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. एवढं दुखत असताना काम सोडायचं नव्हतं, आणि दुखतं म्हणून सांगायचंही नव्हतं, म्हणून त्याने पंखे फिरवून घेतले. त्याला तुझी उदबत्ती पटली होती. त्याला सगळं कळलं होतं. त्याला फक्त गरम वारा पाहिजे होता.

ते दोन पंखे सुलटे करायला माझा हात उठेना. त्याच्या हातचे घट्ट पिळलेले स्क्रू होते ते. बाबांना मी सांगितलं, तर ते खाली बसले, जाळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काढ बाई. काम त्याचंच आहे ना." मग मी काढले. ते पंखे तसेही धुळीने खडखडत होते, म्हणून ट्रंकेत त्याच्या शर्टांजवळ ठेवले आणि नवे आणायला चंद्रपूरला गेले. जटपुरा गेटजवळच्या दुकानातल्या माणसाने आधी मला दिव्यांचेच पंखे दाखवले. मी म्हटलं, मला जाळी आणि फिल्टर दोन्हींमधून हवा ओढायची आहे, मोकळ्यात भरपूर वारा फेकणारा नको, तो जाळीमागे दमतो. रुंद पात्यांचे, मोठे, हळू फिरूनही जोर धरणारे द्या, आणि गरमीप्रमाणे वेग बदलणारे, चार पिनांचे. त्याने विचारलं, ताई, कुठी शिकल्या? मी म्हटलं, तुकूमला.

फिल्टरचा घोळ घरी झाला. बाजारातला बारीक फिल्टर मिळाला नव्हता, म्हणून मी बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा शिवून जाळीवर ताणला. धूळ थांबली, पण हवाही थांबली, तापमानाचे आकडे आधीपेक्षा वाईट. मग पोरींच्या ओढणीचं असतं तसलं जाळीदार नायलॉन लावलं, ते जमलं. समोर आत घेणारे दोन मोठे, मागे बाहेर टाकणारा एक. तुझा लाल दिव्याचा पंखा अजून चालतो, तो वर मागच्या कोपऱ्यात घेतला. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त राहिली पाहिजे, म्हणजे फटींतून धूळ आत शिरणार नाही, म्हणून वरच्याचा वेग कमी ठेवला. कार्डाच्या पट्ट्यांतली माती जुन्या ब्रशने कोरून काढली. कॅबिनेट जमिनीवरून उचलून विटांवर ठेवलं आणि मागे भिंतीपासून हातभर सरकवलं, नाहीतर मागची गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा आत येते. शेवटी उदबत्ती धरली. धूर फटींपासून बाहेर गेला. बाहेर ऊन रणरणत होतं, खोलीतली हवाच गरम, त्यामुळे मशीन काही थंड झालं नाही. पण मोहाच्या झाडाशी आल्यावर आकडा चढला, चढला आणि एका जागी थांबला. फुलं पडत राहिली. मशीन बंद पडलं नाही. मी आणि बाबा आळीपाळीने त्या आकड्याकडे पाहत बसलो, आजाऱ्याजवळ बसतात तसं.

शाळेला सुट्ट्या होत्या, तरी पोरं आली. गिरजाबाईंनी वर्गाच्या खिडक्यांना चादरी बांधल्या आणि भिंतीवर पिक्चर दाखवला. अस्वल मोहफुलं खातं, लडखडतं आणि झाडाखाली झोपतं. घोरण्याचा आवाज सुरजने स्वतः काढला होता. पोरं इतकी हसली की पुढचं ऐकू येईना. यायो मागे दाराजवळ बसली होती. मी तिला सांगायला विसरले होते, की त्यात तिचाही आवाज आहे. मागच्या दिवाळीत सुरजने मोबाईल तोंडाजवळ धरून तिच्याकडून एक वाक्य म्हणवून घेतलं होतं, आणि तिला ती त्याची मस्करी वाटली होती. गोष्टीच्या शेवटी पोरं काठ्या घेऊन अस्वलाला उठवायला जातात, तेव्हा एक म्हातारी त्यांना अडवते. वर्गात अंधार होता, सुरज घोरत होता, आणि माझ्या आईचा आवाज गोंडीत म्हणाला, झोपलाय तो, त्याला उठवू नका. पोरं गप्प झाली, कारण सगळ्यांनी तो आवाज ओळखला. यायोने पदर तोंडात धरला. मग ती हळूच म्हणाली, "बरोबर म्हनलं मी." शेवटी नावं येतात, त्यात सुरजने स्वतःच्या नावाखाली तुझं नाव लिहिलं आहे, 'कॉम्प्युटर बनवणारा – माझा भाऊ अश्वजित'. पेनड्राइव्ह या पाकिटातच ठेवला आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. बसस्टँडवर तू म्हणालास, "रंजीता, लेकरू नको. आपण दोघंच राहू. चालन ना तुले?" मी तेव्हा काही बोलले नाही, कारण हो तोंडात आलं होतं. पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका वाक्यावर जगले. आपली पुण्यातली खोली, दोन ताटं, सगळं मनात मांडून झालं. पण अश्वजित, मला लेकरू पाहिजे. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. तुझ्याकडूनच हवं होतं. आता पोटात असतानाच तपासता येतं, हे मलाही माहीत आहे. पण चौथ्या घराचा निकाल हातात आला तर मी काय सांगायचं? नको म्हटलं, तर मी सुरजला नको म्हणते. हो म्हटलं, तर त्याच्या गुडघ्यांचं मला जे आता कळलं, ते जन्मभर रोज पाहायचं, आणि तुलाही पाहायला लावायचं. मला दोन्ही जमणार नाही. मागच्या आठवड्यात धानोऱ्याहून जंगू उसेंडी नावाचे गृहस्थ मला पाहायला आले होते, ग्रामसभेचं मोहफुलं आणि तेंदूपानांचं काम पाहतात. मी न मागता त्यांनी खिशातून रक्ताचा रिपोर्ट काढून बाबांसमोर ठेवला. ते वाहक नाहीत. मी त्यांना अंगणात तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले माहीत आहे. या गावात पाय ठेवला तर पयले तेच सांगतलं लोकाईनं." माणूस भला वाटला. मी हो म्हटलं आहे. पाऊस लागायच्या आधी लग्न आहे. हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. बाबा तुला बोलावतील, यायो तर तुझी वाटच पाहील, पण तू येऊ नकोस. तू मांडवात दिसलास तर मी तुझ्याकडे चालत येईन, आणि मग मला कोणीच परत नेऊ शकणार नाही.

या कागदापुरती अजून तुझीच,
रंजीता